कुंपणावर उड्या मारणाऱ्या कुत्र्यासाठी

आधी तो उडी कशामुळे मारतो ते बघा. दोन दिवस खिडकीतून नुसतं निरखा. पलीकडून कुणी गेलं की, मांजर दिसलं की, का निव्वळ कंटाळ्यामुळे? आमची कुत्री फळ्यांच्या फटीतून जाणाऱ्यांचे पाय दिसले की पुढचे पंजे कुंपणावर टेकवून भुंकायची. फटी आतून बंद केल्या आणि निम्मा त्रास तिथेच संपला.

ओरडू नका, त्याला ती तुमची साथच वाटते. हार्नेसला (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याला) लांब दोरी लावून तुम्ही स्वतः त्याच्यासोबत अंगणात जा. कान टवकारले, अंग ताठ झालं, की त्याच क्षणी हाक मारा आणि वळला की लगेच खाऊ द्या. पंजे वर गेल्यावर हाक त्याच्या कानात शिरतच नाही. रोज पाच-दहा मिनिटं पुरेत, पण आठवडे लागतील, धीर सोडू नका.

तोवर त्याला अंगणात एकटं सोडू नका. जमलेली प्रत्येक उडी सवय पक्की करते. कुंपणालगतच्या कुंड्या, बाकडी हलवा. आणि कितीही वैतागलात तरी त्याला कुंपणाजवळ बांधून ठेवू नका. उडी पलीकडे गेली तर गळ्याला फास बसतो.