सांगली–पुणे एसटीने लॅपटॉप न्यायचा तर हार्ड केस घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की दर सोमवारी सांगलीहून पुण्याला एसटीने जाता, धक्क्यांनी लॅपटॉप खराब होईल अशी भीती वाटते, तर हार्ड केस घ्यावी का.

नको. बॅगेतले लॅपटॉप धक्क्यांपेक्षा दाबाने जास्त मरतात. "पडलाच नाही हो, बॅगेतनं काढला तर असा," म्हणून दुरुस्तीला येणारी गिऱ्हाइकं बहुतेक वेळा खरंच बोलत असतात. आत्ता टेबलावर असाच एक आहे, १५.६ इंची. बाहेर ओरखडासुद्धा नाही. चालू केला की उजव्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि तिथून वर फुटलेल्या रेषा. झाकण ट्यूबच्या उजेडात तिरकं धरलं की मग एक चपटा खळगा दिसतो. चार्जरचा ठोकळा त्यावर ठेवला, कडेला कड जुळली. चार्जर पुढच्या कप्प्यात, त्याच्यामागे लगेच झाकण, आणि आष्ट्यापासून पेठ नाक्यापर्यंत शेजाऱ्याचा गुडघा बॅगेवर. प्लॅस्टिकचं झाकण वाकून परत सरळ होतं. आतल्या काचा पापडाएवढ्या पातळ, त्या वाकत नाहीत.

म्हणून झाकण पाठीकडे आणि तळ पुढे असा लॅपटॉप ठेवा. तळ कडक असतो. चार्जर खाली बाजूच्या कप्प्यात, नाहीतर डब्याच्या पिशवीत. वायर ठोकळ्याला आवळून गुंडाळू नका, मानेपाशी तुटते. माऊसचं रिसीव्हर आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा, नाहीतर एका दणक्यात पोर्ट वाकतं.

हार्ड केसचे पैसे बॅगेत घाला. दुकानात लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून बघा, त्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन बोटं वर हवा. स्वस्त बॅगांत तो थेट शिवणीवर टेकतो, मग बॅग फरशीवर ठेवली की कोपरा आपटतो. अशीच बॅग असेल तर टीव्हीच्या खोक्यातला पांढरा फोम कापून तळाशी घाला. गाडीत डिकी नको, वरची फळीही नको, मांडीवर किंवा दोन पायांत उभी.

झाकण मिटलं म्हणजे बंद झाला, हा गैरसमज. बरेच नवे विंडोज लॅपटॉप स्लीपमध्ये अर्धवट जागेच असतात. बॅगेत हवा नाही, पंखा कोंडतो, पुण्यात उतरेपर्यंत मशीन भाजतं आणि बॅटरीही संपते. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम साठवून मशीन पूर्ण बंद होईल, असं करा. यादीत हायबरनेट नसेल तर शटडाउन करा आणि दिवा विझेपर्यंत थांबा.

पावसाळ्यात रेनकव्हरवर विसंबू नका. ते पाठीकडची बाजू झाकत नाही, पट्ट्यांवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत जातं. लॅपटॉप पूर्ण बंद आणि गार झाला की प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पोचल्यावर काढा. तरी भिजलाच तर चालू करून बघू नका आणि तांदळात तर मुळीच पुरू नका.

बिलाचा आणि तळावरच्या सिरीयल नंबरचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या, चोरीची तक्रार देताना लागतो.

एक राहिलं. वरचं सगळं एसएसडीवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या लॅपटॉपात डेटा चिपवर साठतो, फिरणारं काही नसतं त्यांच्यासाठी. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तुमची धक्क्यांची भीती खरी आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर डेटा वाचणारं हेड टेकलं की डेटा गेला. त्यामुळे चालत्या गाडीत ती मशीन उघडायचीच नाही.

आणि स्क्रीन फुटलाच तर वॉरंटीवरून दुकानदाराशी भांडू नका. साध्या वॉरंटीत फुटलेला स्क्रीन बसत नाही, अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. "पडला नव्हता" हेही शपथेवर सांगायची गरज नाही. येताना बॅग आणि चार्जर तेवढा घेऊन या.