मुक्त गोठ्यातील गाई समाधानी आहेत हे कशावरून ओळखावे?

पलूसजवळच्या आपल्या गोठ्यात दावी सोडली त्या दिवशी संकरित गाई शेपट्या उभारून उधळल्या, पुढे मात्र शांत झाल्या. तेव्हा त्या आता खूश आहेत की नाहीत, हे दुधाच्या आकड्याखेरीज कशावरून कळेल, असे आपण विचारले आहे.

पहिल्या दिवसाच्या उधळण्याला फार महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे. बराच काळ दावणीला असलेले जनावर मोकळे सुटले की कोंडलेली हालचाल एकदम बाहेर पडते; तीवरून आधीच्या बंधनाची कल्पना येते, आताच्या समाधानाची नव्हे. ज्या गोष्टीवाचून जनावराचे काहीच अडत नाही, ती गोष्ट ते रोज करते का, हे पाहावे. ऊन उतरल्यावर वासरे हुंदडत असतील, मागचे पाय झाडत असतील, एकमेकांशी लुटुपुटूच्या टकरा खेळत असतील, तर ती चांगली खूण होय. कारण दूध तोडले किंवा शिंगे वाढू नयेत म्हणून त्यांच्या कळ्या जाळल्या की वासरांचा खेळ घटतो, हे अभ्यासांतून दिसून आले आहे.

मोठ्या गाईंचे कान पाहावेत. मानेला किंवा गळ्याखालच्या पोळीला सावकाश खाजवू लागताच गाय मान लांब ताणते, डोळे अर्धवट मिटते, कान सैल सोडते आणि हात थांबला की मान पुन्हा पुढे करते. गाई एकमेकींना चाटतात तेही बहुतेक डोके आणि मान याच भागांत. मात्र कान पडले म्हणजे सुखच, असे समजू नये. नुकतीच व्यालेली गाय मान कुशीकडे वळवून बसली असेल आणि कान हाताला गार लागत असतील, तर दुग्धज्वराची (व्याल्यावर रक्तातील कॅल्शियम घटून होणाऱ्या आजाराची) शंका घेऊन पशुवैद्यकांना तातडीने बोलवावे. आटपाडी-माण भागातील खिलार जातीची गाय मुळातच तापट व सावध असते, त्यामुळे तिच्या ताठ कानांची तुलना आपल्या गाईंशी करू नये.

पेंडीची पाटी दिसताच होणाऱ्या धांदलीवरून तर निष्कर्ष काढूच नये. त्या वेळी डोळ्यांचा पांढरा भाग अधिक दिसतो, आणि तो भीतीतही तसाच दिसतो. त्यातून कळते ती केवळ उत्तेजना. निरीक्षण दुपारी, रवंथाच्या वेळी करावे. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एकटीच उभी राहणारी गायही शांतच असते, पण तिला समाधानी म्हणता येणार नाही.

गोठ्यात अंग घासण्यासाठी ब्रश जरूर बसवावा. विजेवर फिरणारा महाग पडतो. खांबाला ताठ केसांचा साधा ब्रश घट्ट बांधला तरी निभते. उन्हाचा ताप वाढला किंवा आजार सुरू झाला की गाई खाणे सोडण्याआधी ब्रशाकडे जाणे कमी करतात. म्हणून गव्हाणीवर वेळेवर येणारी एखादी गाय तिकडे फिरकेनाशी झाली, तर दूध घटण्याची वाट न पाहता तिचा ताप मोजावा.