परभणीत बड्याचं मटण एवढं महाग का झालंय आणि दुकानं मधेच बंद का असतात?

तुम्ही विचारलंय की परभणीत बड्याचा, म्हणजे म्हशी-रेड्याच्या मटणाचा, भाव दर थोड्या दिवसाला वाढायलाय, मधेच आठ-आठ दिवस शटर खाली असतंय, आणि हे अमेरिकेत बीफ महाग झाल्याच्या बातम्या येतात त्यामुळं आहे का. नाही, त्याचा इथं संबंध नाही. तिथं जनावरंच कमी पडलीत, दुष्काळात लोकांनी कळप विकून टाकले, २०२५ च्या सुरुवातीला गुरांची संख्या १९५१ नंतरची सगळ्यात कमी भरली आणि वरून मेक्सिकोतून येणारी जिवंत जनावरं अळीच्या रोगामुळं अडवून ठेवली. आपल्याकडनं तिकडं मांस जात पण नाही, आपलं म्हशीचं जातं व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त असल्या देशात.

आपल्याकडं गोष्ट उलटी आहे. जनावर शेतकऱ्याच्या दावणीला उभं आहे, त्याला विकायचंय, तुम्हाला घ्यायचंय, आणि मधला रस्ताच बंद पडायलाय. मी उदगीर तालुक्यातला, आमचे चुलते हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे आणि घरी अजून म्हशी आहेत, म्हणून दोन्हीकडचं माहीत आहे.

भाकड म्हैस किंवा हाल्या, म्हणजे रेडा, घेऊन माणूस बाजारात येतो, व्यापारी तोंड उघडून दात बघतो, पाठीवर-मांडीवर थाप मारून अंगाचा अंदाज घेतो, मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, बाकीच्यांना आकडा कळत पण नाही. सौदा पाच-दहा मिनिटांत होतो. खरी अडचण त्याच्यानंतर. बाजार समितीची पावती, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, गाडी, ड्रायव्हर, हे सगळं जमवून गाडी निघाली की रात्री रस्त्यात कुठंतरी गोरक्षक म्हणवणारी पोरं गाडी अडवतात, कागद दाखवले तरी ऐकत नाहीत, मारहाण होते, जनावरं गोशाळेत जातात, केस होते आणि कोर्टातनं सोडवून आणेपर्यंत चाऱ्याचा खर्च पण व्यापाऱ्याच्याच अंगावर. लक्षात घ्या, म्हशीची कत्तल महाराष्ट्रात कायद्यानं बंद नाहीये, दाखला घेऊन करता येते. गाय १९७६ च्या कायद्यानं बंद होती, २०१५ ला बैल आणि वळू पण बंद झाले, म्हणजे पूर्वी भाकड बैल पण या धंद्यात यायचा तो गेला आणि सगळी मागणी एका म्हशीवर येऊन पडली. आणि तीच म्हैस एक्स्पोर्टवाल्यांना पण पाहिजे, देशातनं वर्षाला बारा-तेरा लाख टन मांस बाहेर जातं, त्यामुळं चांगलं अंगाचं जनावर आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत यायच्या आधीच उचललं जातं.

ड्रायव्हर आता डबल भाडं मागतो नाहीतर सरळ नाही म्हणतो. एक गाडी पकडली गेली तर छोटा व्यापारी उठतच नाही. ही सगळी भीती तुमच्या किलोच्या भावात आहे. २०२५ च्या पावसाळ्यात जनावरांचा व्यापार आणि खाटीककाम करणाऱ्या कुरेशी समाजानं याच त्रासाला कंटाळून राज्यभर जनावरांची खरेदीच बंद ठेवली होती, तेव्हा दुकानं तर बंद होतीच पण बाजारात शेतकरी म्हैस घेऊन यायचा आणि संध्याकाळी तशीच परत न्यायचा, टेम्पोचं भाडं खिशातनं. हे कोणी बघत नाही याचा मला फार राग येतो. भाकड म्हैस विकून आलेल्या पैशात थोडी भर घालून माणूस दुसरी दुभती घेतो, असंच चालत आलंय आमच्याकडं, ती विकलीच नाही तर दुधाचा धंदा पण बसतो.

आणि ती सांभाळायची कशावर? पूर्वी घरोघर ज्वारी असायची, कडबा घरचा असायचा. आता लातूर-परभणीकडं खरिपात जिकडं बघाल तिकडं सोयाबीन, त्याच्या भुसकटावर म्हैस जगत नाही, कडबा शेकड्यानं विकत घ्यावा लागतो आणि सरकी पेंड तर विचारूच नका. म्हणून लोक म्हशी पाळायचंच कमी करायलेत. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात किती जणांची जनावरं दावणीलाच बुडाली, चारा सडून गेला, ते वेगळंच. अजून एक, पूर्वी खाटकाला कातड्याचे बऱ्यापैकी पैसे सुटायचे, आता कातडं कोणी विचारत नाही, मग तो पण पैसा मटणातनंच काढावा लागतो.

यात मार बसतो तो हमाल, ऊसतोडवाले, मिस्तरीच्या हाताखालचे यांना. बोकडाचं त्यांच्या आवाक्यात कधीच नव्हतं, बडं होतं. आमच्या गावात बौद्धवाड्यात उन्हाळ्यात दोरीवर चान्या वाळत घातलेल्या असायच्या, लांब लांब पट्ट्या, मीठ-हळद लावलेल्या, पावसाळ्यात काम नसलं की त्याच चुलीवर भाजून किंवा कालवणात टाकून भाकरीसोबत खायच्या. चान्या घालायच्या म्हणजे एका वेळी चार-पाच किलो तरी घ्यावं लागतं, आता अर्धा किलो घेताना माणूस दोनदा विचार करतो.

भाव लवकर उतरेल असं मला वाटत नाही. कागद तपासायचे असतील तर बाजारातनं गाडी निघतानाच पोलिसांनी तपासावेत आणि मग रस्त्यात दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नये, एवढं झालं तरी बराच फरक पडेल. तोपर्यंत ओळखीच्या दुकानदाराला आदल्या दिवशी फोन करून विचारत जा, माल कमी असला की दुपारपर्यंत संपतो. घरात खाणारे जास्त असतील तर बिनहाडीपेक्षा हाडासकट घ्या, रस्सा पुरवठ्याला येतो. आणि कोणी रात्री घरपोच निम्म्या भावात आणून देतो म्हणाला तर घेऊ नका, कसलं जनावर आहे ते कळत नाही आणि गाय-बैलाचं निघालं तर केस ज्याच्याकडं सापडलं त्याच्यावर पण होते.