शाश्वत विकास एका आकड्यात मोजता येतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: दरडोई उत्पन्न वाढलं म्हणजे जिल्ह्याचा विकास झाला असं धरायचं का, आणि पर्यावरण, समाज, पैसा सगळं मिळून एकच निर्देशांक काढता येईल का. पहिल्याला माझं उत्तर 'नाही'. दुसरं करता येतं, पण मी करणार नाही.

मी मराठवाड्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघतो. साधं यंत्र घेतलं तरी आम्ही त्यावर दरवर्षी घसारा, म्हणजे वापरानं घटलेली किंमत, खर्चात धरतो. विहिरीतल्या पाण्यावर घसारा कोण धरतं?

२०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात सुमारे १३७ लाख टन साखर झाली, उत्तर प्रदेशपेक्षाही जास्त. ती उत्पन्नात जमा झाली. किलोभर साखरेमागे लागणारं दीड-दोन हजार लिटर पाणी मात्र कुठल्याच वहीत खर्ची पडलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. गंमत म्हणजे टंचाईत टँकरवाल्याला मोजलेले पैसेही उत्पन्नात जमेलाच जातात!

माणसांचंही तेच. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एकच जोडी धरतात. पाळीत अंग मोडून आलं तरी खाडा केला की पैसे कापले जातात, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तर आधीच घेतलेली असते. साखरेच्या टनात हे कुठं दिसणार? ऑपरेशनचं बिल तेवढं दिसतं, तेही जमेच्या बाजूला.

आता एकच आकडा का नको ते सांगतो. मानव विकास निर्देशांकात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न येतं. २०२० च्या अहवालात संयुक्त राष्ट्रांनी त्यात कार्बन उत्सर्जन आणि साधनसंपत्तीचा वापर धरून पाहिला, तर पहिल्या नंबरचा नॉर्वे १५ जागा खाली घसरला. देश तोच, माणसं तीच, वहीत फक्त दोन रकाने वाढले. म्हणजे कुठला रकाना घ्यायचा आणि त्याला वजन किती द्यायचं, यावरच सगळा निकाल. शिवाय सगळं एकत्र मिसळलं की पैशाची बेरीज पाण्याची वजाबाकी झाकून टाकते. पैसा वाढला म्हणून आटलेली बोअर भरत नाही.

म्हणून रकाने वेगळेच ठेवा. पाऊस किती पडला यापेक्षा मे महिन्यात विहिरीत पाणी किती हातांवर आहे ते बघा. पाऊस ही आवक झाली, विहीर ही शिल्लक. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. माणसांच्या बाजूला अठराच्या आत किती मुलींची लग्नं झाली ते घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण २१.९ टक्के होतं, आणि जिल्हावार आकडेही मिळतात. तुमच्या जिल्ह्याचे हे दोन आकडे आधी काढा, दरडोई उत्पन्नाशेजारी मांडा, आणि मग इथं कळवा. एकत्र बसून बघू.