बंद पडलेले प्रवास कार्ड आणि त्यातील शिल्लक

प्रश्न : बस आणि मेट्रो या दोन्हींसाठी मी एकच प्रवास कार्ड वापरते. गेल्या काही दिवसांपासून ते यंत्रावर टेकवले की कधी हिरवा दिवा लागे, कधी लाल; आता तर यंत्र दादच देत नाही. कार्डात बरीच रक्कम शिल्लक आहे आणि मासिक पासही त्यातच आहे. कार्ड बदलून मिळेल का, आणि पैशांचे काय होईल?

उत्तर : कार्ड बंद पडले म्हणजे पैसे बुडाले, ही भीती आधी मनातून काढून टाका. शिल्लक कार्डातील चिपवर नोंदवलेली असली तरी प्रत्येक व्यवहाराची नोंद कार्डाच्या क्रमांकासह मध्यवर्ती संगणकाकडेही जाते. त्यामुळे चिप मुकी झाली तरी कार्डावर छापलेला क्रमांक तुमच्या बाजूने बोलतो. तो क्रमांक वहीत उतरवून ठेवा, त्याचे छायाचित्र काढा आणि नवे कार्ड हातात येऊन त्यात रक्कम दिसेपर्यंत जुने कार्ड कापू किंवा फेकू नका.

मात्र कार्ड खरोखरच बिघडले आहे ना, हे आधी तपासून पाहा. पाकिटात बँकेचे कार्ड शेजारी असेल, तर यंत्राचा गोंधळ होऊ शकतो. म्हणून प्रवास कार्ड बाहेर काढून एकटेच टेकवा आणि दुसऱ्या यंत्रावरही लावून पाहा. मागच्या प्रवासात उतरताना कार्ड टेकवायचे राहून गेले असेल, तरी लाल दिवा लागतो. अशा वेळी कार्ड बदलावे लागत नाही, अपुरी राहिलेली नोंद खिडकीवर दुरुस्त करून मिळते.

आधी कधी चालणे, कधी न चालणे आणि मग पूर्ण बंद पडणे, या तुमच्या वर्णनावरून मात्र दोष कार्डाच्या आत असावा असे वाटते. या कार्डात बॅटरी नसते. कार्डाच्या कडेने आत बारीक तारेचे वेटोळे फिरवलेले असते. यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून, म्हणजे 13.56 मेगाहर्ट्‌झच्या लहरींतून, त्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर चिप जागी होते. कार्ड वारंवार वाकले की तार आणि चिप यांचा सांधा हळूहळू तुटतो, आणि तुटत असताना तो एका कोनात जुळतो, दुसऱ्या कोनात सुटतो. कार्ड डोळ्यांच्या रेषेत आडवे धरून पाहिलेत, तर त्याला आलेला बाक किंवा पर्सच्या बटणाचा खळगा कदाचित दिसेलही.

अर्ज करताना कार्ड ‘हरवले’ असे न लिहिता ‘नादुरुस्त’ असे स्पष्ट लिहा, कारण या दोन्हींची कार्यपद्धती आणि शुल्क बहुधा वेगवेगळे असते. कार्ड तुमच्या नावावर नोंदलेले असेल तर काम सोपे होते. नसेल तर शेवटच्या रिचार्जची पावती किंवा बँकेतील नोंद जोडा. शिल्लक रक्कम आणि पास या कार्डातील दोन स्वतंत्र नोंदी असतात, म्हणून पासाची मुदत आणि उरलेले दिवस अर्जात वेगळे नमूद करा. नेमके हेच बहुतेक जण विसरतात. जुने कार्ड खिडकीवर जमा करून घेतले, तर क्रमांक आणि तारीख असलेली पोच मागा, आणि ती मिळेपर्यंत खिडकी सोडू नका. पोच न देता कार्ड ठेवून घेणे हा प्रवाशावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्कम त्याच दिवशी जमा झाली नाही, तर घाबरू नका. बसमधील यंत्रे अनेकदा दिवसभराच्या नोंदी साठवून नंतर पाठवतात, त्यामुळे शेवटच्या प्रवासाचा हिशेब लागल्याशिवाय कार्यालय शिल्लक नक्की करत नाही. दरम्यान काढलेली तिकिटे जपून ठेवा. पास चालू असताना वेगळे भाडे भरावे लागले, तर भरपाई मागताना तीच उपयोगी पडतील. नवे कार्ड मिळाले की पहिल्या प्रवासाआधी शिल्लक आणि पास दोन्ही यंत्रावर तपासा, आणि जुन्या क्रमांकाला आपोआप रिचार्जची सोय जोडलेली असेल तर ती त्याच दिवशी बंद करा.