ढग, चौकटी आणि फिके रंग: नेटवर्कच्या आकृत्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नेटवर्कच्या आकृतीत प्रत्येक विभागामागे रंगीत चौकट टाकली. आकृती देखणी होण्याऐवजी राउटर-स्विचच दिसेनासे झाले. रंग कोणते घ्यावेत?

उत्तर: रंग कोणताही घ्या, तो फिका हवा. मागच्या आकाराचं काम एवढंच, की ही उपकरणं एका हद्दीत आहेत हे एका नजरेत कळावं. रंग निवडताना ह्यू (रंगाची जात), सॅच्युरेशन (रंगाचा भरदारपणा) आणि लाइटनेस (उजळपणा) अशा तीन पट्ट्या दिसत असतील, तर शंभरपैकी सॅच्युरेशन ३० ते ४० आणि लाइटनेस ९२ ते ९५ च्या आसपास ठेवा. कडेची रेघ त्याच ह्यूची, पण लाइटनेस ४५ ते ५० वर आणलेली. मग भरीव रंग ओरडत नाही आणि हद्द मात्र स्पष्ट राहते. पिवळा आणि निळा एकाच लाइटनेसवर सारखे उजळ दिसत नाहीत, तेव्हा आकडे लावून झाल्यावर डोळ्यांनी एकदा जुळवून घ्या.

कडेची रेघ जोडणीच्या तारांपेक्षा बारीक असावी. तारा दीड पॉइंटच्या असतील तर चौकटीला पाऊण पॉइंट पुरतो. बहुतेक आकृत्यांत हे नेमकं उलटं असतं आणि तिथेच त्या बिघडतात. अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदातला फरक, किमान ४.५ ला १ हवा. फिक्या रंगावर गडद करडी अक्षरं हे सहज गाठतात, पण त्याच रंगाच्या मध्यम छटेत लिहिलेली नावं हमखास नापास होतात. लाल आणि हिरव्यातला फरक अनेकांना दिसत नाही, म्हणून विभागाचं नाव चौकटीत लिहाच. ते डाव्या वरच्या कोपऱ्यात लिहावं. मध्यभागी लिहिलं की पहिली तार त्याच्यावरूनच जाते.

चौकटी मात्र आधी काढून ठेवू नका. उपकरणं आणि तारा जागेवर बसल्या, की मग चौकट आखा आणि चारही बाजूंना सारखी मोकळी जागा सोडा; आयकॉनच्या रुंदीच्या निम्मी पुरे. चौकटीच्या आत चौकट असेल, तर बाहेरच्या कोपऱ्याच्या त्रिज्येतून दोन कडांमधलं अंतर वजा करून आतली त्रिज्या ठरवा. बाहेर २० आणि अंतर १२ असेल तर आत ८. दोन्हीकडे २० ठेवलं की कोपऱ्यात जागा फुगल्यासारखी दिसते आणि काय खटकतंय ते चटकन कळत नाही.

प्रश्न: इंटरनेटसाठी तयार ढग वापरतो. मोठा करायला गेलं की तो चेपल्यासारखा दिसतो.

उत्तर: एकाच दिशेला ताणल्यामुळे त्याचे गोल फुगवटे लंबगोल होतात. स्वतःचा ढग काढायला पाच मिनिटं लागतात. इंकस्केपमध्ये (चित्रं काढायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये) पाच ते सात वर्तुळं काढा, पण सगळी एका मापाची नकोत. तशी काढलीत तर ढगाऐवजी फूल होतं. सर्वांत मोठं वर्तुळ मधोमध न ठेवता थोडं एका बाजूला सरकवा. शेजारच्या वर्तुळांनी एकमेकांना व्यासाच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढं झाकलं पाहिजे, नाहीतर खाचा फार खोल जातात. खालची बाजू सपाट हवी असेल तर तिथे एक आयत सरकवा. सगळं निवडून पाथच्या मेनूतून युनियन करा, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आकार होईल. वर्तुळांमध्ये फट राहिली असेल तर ढगात भोक पडतं. त्याच मेनूतलं ब्रेक अपार्ट वापरून आकाराचे भाग सुटे करा आणि भोकाचा तुकडा काढून टाका. युनियनच्या आधीची एक प्रत बाजूला ठेवा. ढग रुंद करायचा झाला तर ताणू नका, त्या प्रतीत एखादं वर्तुळ वाढवून पुन्हा जोडा.

आणि ढग वापरायचा कुठे? ज्या जाळ्याच्या आत काय आहे हे आपण दाखवत नाही, तिथे. आपलेच स्विच ढगाच्या पोटात मांडले की वाचणारा गोंधळतो. त्यांना चौकट द्या.

प्रश्न: स्विच हलवायला जातो तर मागची चौकटच हलते. कधी कधी तारही स्विचऐवजी चौकटीलाच चिकटते.

उत्तर: चौकट नुसती मागे पाठवून भागत नाही, तिला वेगळ्या लेयरवर (चित्राच्या स्वतंत्र थरावर) टाकून तो लेयर कुलूपबंद करा. व्हिझिओ या आकृत्यांच्या प्रोग्रॅममध्ये लेयर प्रॉपर्टीजच्या तक्त्यात लॉकची खूण करा आणि त्याच ओळीतली ग्लूची (चिकटण्याची) खूण काढा; मग तारा चौकटीला चिकटत नाहीत. ड्रॉ डॉट आयओ या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लेयरच्या यादीतच कुलपाचं चिन्ह असतं. आकृती अजून बदलणार असेल, तर कुलपापेक्षा कंटेनर, म्हणजे आतल्या वस्तू धरून ठेवणारी चौकट, बरा: चौकट हलवली की आतली उपकरणंही सोबत जातात. दोन्ही एकाच चौकटीवर लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न: फायरवॉल (ये-जा तपासणारं उपकरण) आतल्या जाळ्यातही मोडते आणि डीएमझेडमध्येही, म्हणजे बाहेरून पोहोचता येणाऱ्या सर्व्हरांच्या वेगळ्या विभागातही. तिला कोणत्या चौकटीत ठेवू? दोन चौकटी एकमेकींवर आणल्या तर मधला भाग काळपट होतो.

उत्तर: कोणत्याच नाही. ती हद्दीवर बसवा, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. तिचं काम तेच आहे. आयकॉन पारदर्शक असेल तर त्यामागे पांढरा चौकोन द्या, म्हणजे हद्दीची रेघ आरपार दिसणार नाही.

काळपटपणाचा हिशेब साधा आहे. २० टक्के झाकणारे दोन थर एकावर एक आले की ३६ टक्के झाकतात, तीन आले की जवळपास ४९. खरोखर सामाईक भाग दाखवायचा असेल तर एकाच चौकटीला रंग भरा आणि दुसरीला फक्त तुटक रेघ द्या. जागा किंवा रॅक भरीव रंगात आणि व्हीलॅनसारखी (एकाच स्विचवर सेटिंगने पाडलेल्या वेगळ्या जाळ्यांसारखी) तार्किक विभागणी तुटक रेघेत, हा नेम संपूर्ण आकृतीत पाळला तर बाजूची खूणसूचीही छोटी होते.

प्रश्न: तिरक्या, त्रिमितीय आकृतीखाली फरशीसारखा तुकडा कसा काढायचा?

उत्तर: चौरस काढा, ४५ अंशांत फिरवा आणि उंची ५७.७ टक्के करा. त्याच्या कडा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतात, म्हणजेच आयसोमेट्रिक (तिन्ही दिशा सारख्याच मापाने दाखवणाऱ्या) होतात. क्रम उलटा केलात तर नुसताच तिरका आयत मिळेल. गोल कोपरे आणि विभागाचं नाव हे सगळं चौरसावर आधीच घालून, गट करून मग फिरवा. काही आयकॉन संच ३० ऐवजी साधारण २६.६ अंशांवर, म्हणजे दोनास एक उतारावर काढलेले असतात. त्यांच्याखाली उंची ५० टक्के ठेवा. दोन्ही पद्धती एकाच चित्रात मिसळल्या तर उपकरणं फरशीवरून घसरत असल्यासारखी वाटतात.

प्रश्न: पांढऱ्याकडे झुकत जाणारा ग्रेडियंट (हळूहळू बदलणारा रंग) पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, आणि छपाईत तर चौकटच गायब.

उत्तर: ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा या मापात करड्याची छटा २३५ पासून २५५ पर्यंत नेली तर मध्ये फक्त २१ पायऱ्या मिळतात. १९२० पिक्सेल रुंदीवर प्रत्येक पायरी साधारण ९० पिक्सेलची होते. त्याच तुमच्या पट्ट्या. आमचं मत विचाराल तर ग्रेडियंट काढूनच टाका. छपाईसाठी चौकटीचा रंग एक पायरी गडद करा, कारण पडद्यावर जेमतेम दिसणारी छटा कागदावर उतरत नाही. इंकस्केपमधली धूसर सावली पीडीएफमध्ये बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, होऊन जाते, तेव्हा रिझोल्यूशन ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा किंवा सावली वगळा. चित्र जेपीजीमध्ये साठवू नका, अक्षरांभोवती धुरळा येतो. पीएनजी किंवा एसव्हीजी घ्या. ए३ साठी काढलेली आकृती ए४ वर छापली तर सगळं ७१ टक्क्यांवर येतं, म्हणजे ८ पॉइंटची अक्षरं ५.७ पॉइंटची होतात.