स्टिअरिंगचा प्ले: रॅक बदलण्याआधी काय तपासावे?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. माझ्याकडे १९७२ सालची, तारांच्या चाकांची एमजीबी रोडस्टर आहे. वर्षभरात तिचे स्टिअरिंग सैल झाले आहे. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग व्हील दोन बोटे फिरवले तरी गाडी दिशा बदलत नाही आणि खडबडीत रस्त्यावर पुढून टकटक आवाज येतो. एका गॅरेजने गाडी पाहताक्षणी संपूर्ण रॅक बदलायला सांगितले आहे. तसे करावे का?

उत्तर: प्ले, म्हणजे स्टिअरिंगमधील मोकळी हालचाल, नेमका कोठे आहे हे सापडेपर्यंत रॅकला, म्हणजे चाके वळवणाऱ्या आडव्या दातेरी दांड्याला, हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जुनी गाडी म्हटल्यावर एवढे चालायचेच’ हा समजही आधी मनातून काढून टाका. एमजीच्या टीसी मॉडेलमध्ये बिशप कॅम पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स होता आणि त्यात थोडी मोकळीक गृहीतच धरली जाई. आपल्या गाडीत मात्र रॅक अँड पिनियन (पिनियन हे रॅक सरकवणारे लहान दातेरी चाक) आहे आणि ते सुस्थितीत असेल, तर व्हील हलताच चाके हलली पाहिजेत.

गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून, जमिनीवरच उभी करा. प्रथम व्हील वर-खाली आणि आडवे ओढून पाहा. ते तसे हलत असेल, तर कॉलमचे (व्हीलखालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या नळ्या, झिजले आहेत. हे काम किरकोळ आहे. त्यानंतर घरातील कोणाला तरी व्हील डावी-उजवीकडे अगदी थोडे, सतत हलवायला सांगा आणि आपण बॉनेट उघडून कॉलमच्या खालच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट शोधा. त्यावर बोट असे टेकवा, की अर्धे बोट वरच्या भागावर आणि अर्धे खालच्या भागावर राहील. वरचा भाग आधी आणि खालचा क्षणभर उशिरा हलत असेल, तर तो फरक डोळ्यांना दिसण्यापूर्वी बोटाला कळतो. माझ्या अनुभवात या गाड्यांमधील बराचसा प्ले येथेच निघतो. जॉइंट दोन्ही शाफ्टवर पिंच बोल्टने आवळलेला असतो. त्यातील एकही बोल्ट सैल आढळला, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. नवा जॉइंट बसवताना कॉलम आणि पिनियन यांचे अक्ष जॉइंटच्या मध्यावर एकमेकांना मिळतात का, हेही पाहून घ्यावे लागते, कारण ते मिळत नसतील तर नवा जॉइंटही लवकर झिजतो.

जॉइंट घट्ट निघाल्यास त्याच रीतीने खाली जा: रॅक क्रॉसमेंबरवर (पुढच्या आडव्या तुळईवर) सरकतो का, टाय रॉड एंडच्या (रॅक चाकाला जोडणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यात फट आहे का, रॅकचे रबरी गेटर (आवरण) फाटले आहेत का. फाटलेल्या गेटरमधून वंगण बाहेर जाते आणि माती आत शिरते; असे बरेच दिवस चालले असेल, तरच रॅकवर संशय घ्यावा. त्यातही डॅम्परच्या (रॅक पिनियनवर दाबून धरणाऱ्या भागाच्या) शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून रॅक आवळण्याचा मोह टाळा. दात मध्यभागी अधिक झिजतात. मध्यावर प्ले जाईल असे आवळले, की पूर्ण वळणावर स्टिअरिंग जड होते.

टकटकीचे मूळ बहुधा चाकाजवळ असावे. गाडी जॅकवर उचला, स्टँडवर पक्की टेकवा आणि चाक वरून व खालून धरून हलवा. दुसऱ्या व्यक्तीने ब्रेक दाबताच हालचाल थांबली, तर ती व्हील बेअरिंगची. हे बेअरिंग स्पेसर आणि शिमवर बसवलेले असते, केवळ नट पिळून ते ‘ठीक’ करता येत नाही. ब्रेक दाबूनही चाक हलत असेल, तर किंगपिन (ज्या उभ्या खिळीभोवती चाक वळते ती) किंवा त्याच्या खालचा फुल्क्रम पिन झिजला आहे. लिव्हर आर्म शॉक अ‍ॅब्सॉर्बरही हलवून पाहा, कारण एमजीबीत त्याचेच बाहू वरच्या विशबोनचे (चाक धरणाऱ्या दुबाहू आर्मचे) काम करतात. प्रत्येक बाजूला ग्रीसचे तीन निप्पल आहेत आणि दर ३,००० मैलांनी त्यांना ग्रीस द्यायचे असते. नेमके हेच काम वर्षानुवर्षे राहून जाते. ब्रेक दाबलेला असताना चाक पुढे-मागे फिरवल्यावर हबमधून ‘टक्’ असा आवाज आला, तर तारांच्या चाकाचे स्प्लाइन (हबवर बसणाऱ्या खाचा) झिजले आहेत. अशा वेळी फक्त नवे चाक आणू नका. झिजलेला हब नव्या चाकाचे स्प्लाइनही खाऊन टाकतो.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील, मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याची तपासणी, सक्तीची नाही. मात्र गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच राहते. म्हणून दुरुस्तीनंतर स्वेच्छेने एमओटी करून घ्या, असा माझा आग्रह आहे.

टाय रॉड एंड बदलावे लागले, तर जुने काढताना किती आटे फिरले ते मोजून तितकेच नवे फिरवा आणि त्यानंतर पुढच्या चाकांचे टो-इन (चाकांची पुढची टोके किती आत वळली आहेत ते) मोजून घ्या. ते एक सोळांश ते तीन बत्तीसांश इंच, म्हणजे साधारण १.५ ते २.३ मिलिमीटर, असायला हवे.